मायणीच्या रानातलं गुलाबाच्या वासाचं कोकरू

१५ फेब्रुवारी. चार महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. कारण आळस. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं ठरेल.

आज सकाळी साताऱ्याहून सांगलीला निघालो. कराडवरून हायवेनं लवकर पोचता येतं, पण मी नवऱ्याला, मिलिंदला, वडूज-मायणी-विटा रस्ता घ्यायला लावला. (वडूजलाच चहा घ्या, पुढच्या टपरीचा भरवसा नाही.) डिकीत जुने स्वेटर होते. वाटेत कुणी गरजू दिसलं की द्यायचे, असं ठरलं होतं. गरजू कुणाला म्हणायचं, हे ठरलं नव्हतं.

मायणीच्या अलीकडे कापणी झालेल्या रानात मेंढरांचा तळ दिसला. तीन दगडांची चूल, उघड्यावर अंथरूण, एक घोडं. मी लगेच गाडी थांबवायला लावली. साठीच्या हौसाबाई भाकऱ्या थापत होत्या.

"मावशी, घर नाही का तुम्हाला?"

"हाय की, स्लॅबचं. पर मेंढरं स्लॅबवर चरत न्हाईत. लेंडीखतासाठी शेतकरीच आमाला रानात बसवतोय, वर जवारी देतोय. ऐंशी मेंढरं हायती. तुमची किती?"

"एकही नाही."

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि भाकरी पुढे केली. मी आणून दिलेले स्वेटर चाचपून म्हणाल्या, "घोड्याच्या पाठीवर टाकाया ब्येस हायत."

त्या पाण्याला गेल्या, तेव्हा मी बांबूच्या डालग्याखाली झाकलेलं, कालच जन्मलेलं कोकरू उचललं. चिकट, मळकं, बिचारं. पर्समधल्या गुलाबाच्या वासाच्या ओल्या टिश्यूंनी ते नखशिखांत पुसलं. पाकीट संपलं. मिलिंदनं फोटो काढला.

हौसाबाईंनी पाजायला मेंढी आणली. तिनं कोकरू हुंगलं आणि ढुशी दिली. पुन्हा लावलं, पुन्हा ढुशी.

हौसाबाईंनी कोकराचा वास घेतला. "आवं ताई, ह्येला काय लग्नाला न्यायचं हाय? आई वासावर वळखती. आता म्हणती, ह्ये माजं न्हवं. प्यालं न्हाई तर मरंल की!"

मिलिंदचं हसू थांबलं.

त्यांनी मेंढीचंच दूध काढून कोकराच्या अंगाला चोळलं आणि मला मेंढीची मान धरून बसवलं. "घट्ट धरा. सुटाय नगं."

"सुटत नाही. पंधरा वर्षं मीच सुटलो नाही," मिलिंद म्हणाला.

तासभर धरली. कोकरू प्यालं, शेपटी हलली. सोडल्यावर मेंढीनं ढुशी दिलीच, पण जरा हळू.

"रातीला मी धरती. सकाळपतुर आईनं जवळ घेतलं तर वाचलं," म्हणत हौसाबाईंनी फोन नंबर दिला.

विट्यात थाळी झकास, दीडशेला. वेटरनं मात्र लांबूनच ऑर्डर घेतली. सांगलीत बहिणीनं आधी आंघोळीला पाठवलं. कराडवरून घरी आलो. असा तळ दिसला तर जरूर थांबा, गप्पा मारा, पिलांना हात लावू नका.

फोटो पाहिला. त्यात कोकरू जेमतेम कान दिसेल इतकंच आहे; बाकी सगळी मीच आहे, दयाळू चेहरा करून. तो काढून टाकला.

उद्या: सकाळी हौसाबाईंना फोन करून विचारायचं, मेंढीनं घेतलं का.