दिनकरची आंघोळ

परदेशात, फ्रिस्कोतल्या साडेतीन बाथरूमच्या घरात दिनकर बादलीने आंघोळ करायचा. काचेच्या शॉवरमध्ये बुटकं स्टूल, निळी बादली आणि टमरेल. आम्ही हसलो की हा नागपूरकर शांतपणे म्हणायचा, "उभ्यानं अंगावर पाणी पडणं म्हणजे पावसात सापडणं. त्याला काय आंघोळ म्हणतात का बे?"

चेष्टेत पुढे अर्थात मीच, कारण आमच्या कंपूत किस्से सांगायचं काम माझं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, लोक प्लेटा घेऊन माझ्याभोवती जमायचे आणि मी हातवारे करत तासभर किल्ला लढवायचो. दिनकर कोपऱ्यात दहीभात खायचा. तो मला तेव्हा फार आवडायचा.

मग आम्ही आणि दिनकर, अशी दोन जोडपी जपानला गेलो. समुद्राकाठचं गरम झऱ्यांचं गाव, जुन्या वळणाचं लाकडी अतिथीगृह, कागदी सरकती दारं, जमिनीवर चटया. बुकिंग माझं, अभ्यास माझा. परत आल्यावर हे सगळं कसं रंगवायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेही विमानातच ठरलं होतं.

पुरुषांच्या स्नानगृहात कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, हे मी दिनकरला पढवलं. आत गेलो, फवारा हातात घेतला आणि घरच्यासारखा उभ्यानेच अंगावर सोडला. साबणाचं सगळं पाणी शेजारी बसलेल्या एका आजोबांच्या तोंडावर. त्यांनी फक्त डोळे मिटले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सगळे बसलेले होते. बुटक्या स्टुलांवर, पुढ्यात लाकडी बादल्या. आणि त्या रांगेत, जन्मल्यापासून तिथलाच असल्यासारखा दिनकर. खांद्यावरून पाणी घेत होता, टाचा घासत होता, मध्येच समाधानाने हुंकारत होता.

थोड्या वेळाने आजोबांनी त्याच्या पाठीकडे बोट दाखवलं, आपलं फडकं पिळलं आणि ती चोळायला घेतली. मग दिनकरने त्यांची चोळली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. माझी पाठही तिथेच होती. तिला कोणी विचारलं नाही.

"तुझी चोळून देऊ का बे?" शेवटी दिनकरच म्हणाला.

"नको," मी म्हणालो. हवी होती.

रात्री जेवताना मालकीणबाईंनी आजोबांकडून आलेला भाजलेला मासा दिनकरपुढे ठेवला. माझी बायको मेधा म्हणाली, "भावजी, किती पटकन रुळलात हो इथे." मग माझ्याकडे वळून, "तू त्यांचा फोटो काढ ना."

फ्रिस्कोला आल्यावर मी घसा साफ करून सुरुवात केली. समुद्रापर्यंतही पोचलो नव्हतो तर मेधाकडून आधीच ऐकलेलं कोणीतरी म्हणालं, "यार, ते नंतर. दिनकर, तू सांग ना त्या आजोबांचं."

दिनकर बसल्या जागेवरून म्हणाला, "काही नाही. त्यांनी माझी पाठ चोळली, मी त्यांची. वडील गेल्यापासून कोणी चोळली नव्हती."

एवढंच. कोणाचा चमचा वाजला नाही. अशी शांतता मला कधीच मिळाली नव्हती. पुढे एकदा मीच ती गोष्ट रंगवून बघितली. एका माशाचे तीन केले, आजोबांना समुराईंच्या घराण्यात घातलं. लोक हसले आणि म्हणाले, "मस्त. दिनकर, आता खरी सांग."

मग तो लेकीजवळ राहायला दूर श्रूजबरीला गेला. निघताना म्हणाला, "तिकडे ये बे. तुझ्यासारखं सांगणारं कोणीतरी पाहिजे." हा टोमणा नव्हता. त्याला टोमणे येतच नसत, तेच तर असह्य होतं.

माझी खुर्ची मला परत मिळाली. लोक येतात, हसतात, प्लेटा भरायला उठूनही जातात. मेधाची तिथली मैत्रीण सांगते, श्रूजबरीत आता जेवणं झाली की सगळे दिनकरला घेरतात. म्हणजे तिथेही कोणीतरी बोलघेवडा भिंतीला टेकून, अर्धवट राहिलेला किस्सा गिळत, त्याच्याकडे बघत असणार. दर पार्टीला जळत असणार.

त्या भिंतीला टेकलेल्या माणसाचा मला फार हेवा वाटतो.