पितृपक्षात आलेली ऑफर

आम्ही केस जिंकलो. हे आधीच सांगून टाकते, कारण मंडळाच्या कार्यक्रमात जी ती बाई मला गाठून म्हणत होती, "अय्या, जिंकलात ना? मग झालं तर!" प्रत्येकीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई गं, त्या जिंकण्याचं नाव काढू नकोस. ओरडले नाही. मसालेभात वाढून घेतला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

सुरुवात झाली सासूबाईंच्या पडण्यापासून. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, आमच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरात जिन्याच्या तीन पायऱ्या घसरली आणि खुबा मोडून घेतला. ऑपरेशन छान झालं, पण घरी सोडायच्या आधी हॉस्पिटलमधून थेरपिस्ट घर बघायला आली. झोपायची खोली वर, बाथरूम वर. तिने मान हलवली. मग ठरलं की मागच्या बागेत एक्स्टेंशन काढायचं, खाली एक खोली आणि तिला लागून बाथरूम, आणि ते होईपर्यंत आईंना केअर होममध्ये ठेवायचं. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "आई, चार महिने. पाचव्या महिन्यात तुम्ही घरी." त्या म्हणाल्या, "बरं."

खोली झाली. कशी झाली म्हणता? जमिनीवर वाटाणा ठेवला तर पळत जाऊन भिंतीला लागायचा. भिंत खालून हातभर ओली, बाथरूमचं पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे यायचं. कौन्सिलच्या इन्स्पेक्टरने सही द्यायला साफ नकार दिला. बिल्डर आधी फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, तुम्हीच मधे मधे बदल सांगितलेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बदल सांगितला होता? टाइल्सचा रंग!

माझ्या मैत्रिणीची मुलगी सॉलिसिटर आहे. इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण 'ती'चं 'तो' आणि 'तो'चं 'ते' करून. ती एका शनिवारी घरी आली, पोहे खाल्ले आणि आम्हाला समोर बसवून म्हणाली, "मावशी, तुमचा केस मधल्या ट्रॅकवर जाणार. पंचवीस हजार पाउंडच्या वर आणि एक लाखच्या खाली. तिथे आता कॉस्ट्स, म्हणजे वकिलाचा खर्च, फिक्स असतात."

"फिक्स? मग बरंच की," आमचे हे म्हणाले.

"नाही काका, नीट ऐका. तुम्ही जिंकलात तर समोरच्याकडून मिळणारे कॉस्ट्स फिक्स. माझा बिल फिक्स नाही."

माझ्या भाजीच्या यादीची वही ओढून तिने चौकोन आखले. आडव्या ओळी म्हणजे केस किती पुढे गेली त्याचे टप्पे. उभ्या चार पट्ट्या म्हणजे केस किती गुंतागुंतीची. आपली पट्टी आणि आपला टप्पा जिथे भेटतील त्या चौकोनात जो आकडा असेल तेवढाच खर्च हरणारा देणार. वकिलाने चाळीस पत्रं लिहिली की चारशे, कोणी विचारणार नाही. उरलेलं ज्याचं त्याने भरायचं.

हे जन्मभर भूल देणारे डॉक्टर, कुठलीही गोष्ट सोपी करून घेतल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नाही. म्हणाले, "म्हणजे मंगल कार्यालयातलं ताट. दोन पुऱ्या खा नाहीतर दहा, ताटाचा दर ठरलेला."

"हो काका. पण तुमची कुक तासावर पैसे घेते. आणि ती कुक मी आहे."

आम्ही हसलो. तीही हसली. यात तुमचाही फायदा आहे म्हणाली, समजा हरलात तरी त्यांचा खर्च असाच चौकोनातला, राहतं घर विकायची पाळी येणार नाही. मग तिने कागद पुढे केला. जिंकलात तरी माझं पूर्ण बिल समोरच्याकडून सुटणार नाही, हे तुम्हाला समजलं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाचलं आणि सही केली. खोटं कशाला बोलू, सगळं कळलं होतं. पण हरेल तो सगळं भरेल, हे डोक्यात घट्ट बसलेलं होतं ते काही निघालं नाही.

पुढे दोन्हीकडून मिळून एकच एक्स्पर्ट नेमला, तो येऊन जमिनीला लेव्हल लावून गेला. कागद जात होते, येत होते. चाराचे चौदा महिने झाले. केअर होमची फी आमच्या पेन्शनी आणि शिल्लक खातच होती. आई दर रविवारी विचारायच्या, "खोली सुकली का गं?" आणि मी दर रविवारी म्हणायचे, "होतंय, आई."

मग सप्टेंबरात बिल्डरच्या वकिलांची ऑफर आली. चांगली ऑफर होती. खोली उखडून नीट करून वर थोडे उरले असते. मैत्रिणीच्या मुलीने लगेच फोन केला. "मावशी, हा साधा ऑफर नाही, नियमातला आहे. एकवीस दिवस. त्यात हो म्हटलं तर ते हे पैसे देतात आणि आजपर्यंतचे चौकोनातले कॉस्ट्सपण. नाही घेतला आणि कोर्टात याच्याहून कमी मिळाले, तर पुढचे कॉस्ट्स तुमच्यावर उलटू शकतात."

मी कॅलेंडर बघितलं. पितृपक्ष लागून दुसरा दिवस.

आता मी काही देवभोळी नाही. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघत आले, त्या पंधरवड्यात आमच्याकडे नवीन काही घेत नाहीत, कुठल्या व्यवहाराला हो म्हणत नाहीत. एकदा कुकर बिघडला तर आईंनी पंधरा दिवस पातेल्यात डाळ शिजवली होती. खोली आईंसाठी, आणि त्या खोलीचा सौदा आईंच्याच घरची रीत मोडून करायचा? मी ह्यांना म्हटलं, "अहो, सर्वपित्री होऊन जाऊ द्या. मग नवरात्र बसतंय, दसऱ्याला सही करू. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त." आणि मनात हेही होतं, लगेच हो म्हटलं तर त्यांना वाटेल आपण टेकीला आलोय. थोडं ताणलं तर वाढवतील.

हे म्हणाले, "अगं, एकवीस दिवस म्हणालीये ती."

"दोन दिवस इकडे तिकडे झाले तर काय आभाळ कोसळणारे?" मी म्हटलं.

मुलीने दोन ईमेल केले. शेवटच्या दिवशी फोन केला, "मावशी, प्लीज, आज पाचपर्यंत." त्या दिवशी घरी सवाष्ण जेवायला होती, मी पुरण वाटत होते. मी चिडले. "अगं, सांगितलं ना तुला, परवा. तुला मी फ्रॉक घालून गणपतीत नाचताना पाहिलंय, मला घाई शिकवू नकोस." ती फक्त "ओके मावशी," म्हणाली. दुसऱ्या कोणा क्लायंटशी ती भांडली असती. मावशीशी कशी भांडणार? मी हॉस्पिटलच्या फार्मसीत जन्म काढला. औषधावरची तारीख एक दिवसाने उलटली तरी बाटली फेकून द्यायचे आणि ज्युनिअर पोरींना झापायचे. तीच मी, पुरण वाटत बसले.

दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून मी तिला फोन केला, घे म्हणून. ती म्हणाली, "मावशी, काल त्यांचं पत्र आलं. ऑफर परत घेतला." मी कपाळाला हात लावून जिन्यावरच बसले.

त्यानंतर वर्षभराने कोर्ट. दीड दिवस. न्यायाधीश सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. काम वाईट केलं, बिल्डरची चूक, असं स्पष्ट म्हणाले. मी ह्यांचा हात दाबला. पण पुढे म्हणाले, पूर्ण पाडून बांधायची गरज नाही, एक्स्पर्टने सांगितलेली स्वस्त दुरुस्ती पुरेशी आहे. त्यामुळे रक्कम घटली, ऑफरच्या बरीच खाली. मग खर्चाचा विषय निघाला. ऑफर मागे घेतली होती, तरी योग्य वेळी योग्य रक्कम समोर ठेवली होती आणि ती घेतली नाही, हे न्यायाधीशांनी लक्षात घेतलं. त्या एकविसाव्या दिवसापर्यंतचा चौकोनातला खर्च आम्हाला. तिथून पुढच्या टप्प्यांचा चौकोनातला खर्च त्यांना, आमच्याकडून. न्यायाधीशांना तो सगळा हिशोब करायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मुलीने स्वतःचं बिल कितीतरी कमी केलं. तरी उरलं ते आमचंच होतं. सगळं वजा जाता हातात आलं त्यात ती स्वस्त दुरुस्तीसुद्धा अर्धीच झाली असती. या वयात आम्हाला कर्ज कोण देणार? बाहेर फुटपाथवर मुलगी रडायला लागली. "मी अजून जोरात सांगायला पाहिजे होतं, मावशी." मी म्हटलं, "तू सांगितलंस गं. मीच ऐकलं नाही." एवढं तरी खरं बोलले.

आईंना सांगायला मी एकटीच गेले. दुपारच्या चहाची वेळ होती. त्या खिडकीजवळ बसल्या होत्या, बशीत बिस्किट भिजून पडलं होतं. सगळं सांगितलं. पितृपक्षाचंही सांगितलं. म्हटलं, तुमच्या घरची रीत, मोडवेना.

त्या म्हणाल्या, "माझी कुठली रीत? ती माझ्या सासूची. मी तिला घाबरून पाळायचे. ती गेल्यावर तू आलीस, मला वाटलं तुला आवडतं सगळं नीट पाळायला." मग म्हणाल्या, "मला एक फोन करायचास. मी म्हटलं असतं, आत्ता कर सही."

किती वर्षं एका घरात काढली आम्ही, आणि हे एकमेकींना कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. रागही आला. पण तो काढायचा कोणावर?

त्यांनी चहा संपवला, कप स्वतःच बाजूला ठेवला. काठीने पलंगाखाली दाखवत म्हणाल्या, "मग ती बॅग काढ बाहेर. आता आतल्या साड्या कपाटात लावून टाक."

मी वाकून बॅग ओढली. पडल्यानंतर हॉस्पिटलमधून इथे आणताना मीच भरली होती. इथे त्यांनी गाऊनवरच भागवलं होतं, दोन वर्षांहून जास्त काळ तिची चेनसुद्धा उघडली नव्हती. मी एकेक साडी काढून कपाटात लावली, आणि त्या प्रत्येक साडीला कुठला कप्पा ते सांगत राहिल्या.