कूलरची पिन आणि आईची फाईल

मे महिन्यात नागपुरात लाइन जाणं ही काही बातमी नाही. पण लाइन गेली आणि आमचा कूलर सुरूच राहिला, ही बातमी होती. दुपारचे दोन वाजलेले. प्रताप नगरातल्या आमच्या घरात पंखा थांबला, फ्रिज थांबला, आणि कूलर आपला मजेत घरघरतोय. आई खूश. "पाह्य वं, एक फेज चालू आहे आपल्याकडं!" मीही मूर्खासारखी त्याच्यापुढे जाऊन बसले. चार मिनिटांनी टेबलाखालून टीं टीं आवाज आला आणि कूलर, कॉम्प्युटर सगळं एकदम गप्प झालं.

फेज कसली डोंबलाची! भिंतीतलं सॉकेट ढिलं झालं म्हणून आईने कूलरची पिन कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये खोचली होती. लाइन गेली तर काम नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळावीत म्हणून तो डबा मी हौसेने आणला होता. त्याची सगळी बॅटरी कूलरने पिऊन टाकली.

आणि कॉम्प्युटरवर आईची फाईल उघडी होती.

आईची आई गेली तेव्हा आई जेमतेम दीड वर्षाची होती. तिचा एक फोटोही नाही. तिला पाहिलेलं, तिचं बोलणं आठवणारं माणूस एकच, ते म्हणजे काटोलची मावशी, आईची सात वर्षांनी मोठी बहीण. मागचं वर्षभर आई रोज दुपारी तिला फोन लावायची, स्पीकरवर ठेवायची आणि मावशी सांगेल ते एका बोटाने टाइप करायची. माय संत्र्याच्या बागेत कामाला जायची. हसताना तोंडावर पदर घ्यायची. छप्पन साली नागपूरला दीक्षेला निघाली तेव्हा शेजारणीचं पांढरं लुगडं मागून आणलं, तान्ह्या आईला पोटाशी बांधलं आणि मावशीचा हात धरून काटोलहून पायी आली. फेब्रुवारीत मावशी गेली. आता विचारायला कोणी उरलं नाही. जे काय होतं ते त्या फाईलमध्ये.

बरं, त्या फाईलला नावसुद्धा नव्हतं! आईने ती कधी सेव्हच केली नव्हती. काम झालं की ती फक्त समोरचा स्क्रीन बंद करायची, की झाला तिचा कॉम्प्युटर बंद. सेव्ह कर, पेन ड्राइव्हवर घे, असं सांगून सांगून माझा घसा बसला. तिचं एकच पालुपद, "मले सारं बरोबर भेटते वं. तू कायले टेन्शन घेतं?"

लाइन दीड तासाने आली, गेली, पुन्हा आली. तोवर मी वीजवाल्यांना शिव्या घातल्या, सॉकेटला घातल्या, आणि आईला तर काय काय बोलले ते आज लिहायचीही लाज वाटते. घामाने अंग चिकचिक करत होतं. कॉम्प्युटर सुरू केला. आई पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभी. तिने तोंड उघडलं तशी मी खेकसले, "एक अक्षर बोलू नको! आधीच वाट लावून ठेवली आहेस."

स्क्रीनवर एकामागून एक चौकटी यायला लागल्या. एक म्हणे अपडेट करा, दुसरी म्हणे व्हायरस तपासा, तिसरीत लांबलचक इंग्रजी. माशा हाकलाव्यात तशा मी त्या हाकलल्या. नाही, नाही, नाही. मग फाईल शोधायला बसले. सापडलं काय, तर एक कोरं पान.

संध्याकाळी गेलेली फाईल परत कशी आणायची ते मोबाइलवर शोधता शोधता मला त्या तिसऱ्या चौकटीचं चित्र दिसलं. अगदी तीच चौकट. बंद पडताना वाचवलेली फाईल ठेवायची का, एवढंच ती विचारत होती. आणि मी तिला 'नाही' म्हटलं होतं.

मग जे करू नये ते सगळं केलं. पुसलेलं परत आणणारं कुठलंसं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर उतरवलं. तेही निघालं बिनकामाचं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटर उचलून नेला. दुकानदाराने तपासून कपाळाला हात लावला. "मॅडम, याच डिस्कवर टाकलं काहून? जिथं तुमची फाईल होती, तिथंच हे जाऊन बसलं. आता काही होत नाही."

घरी आई ज्याला त्याला सांगत होती, "माझंच चुकलं. पिन मीच लावली." शेजारणीला सांगितलं, पुण्याच्या माझ्या भावाला फोनवर सांगितलं. त्याने तिला चार गोष्टी सुनावल्या. मी तिथेच बसून ऐकत होते. इतकी मी भित्री आहे हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी सुरक्षेचा सपाटा लावला. नवा यूपीएस आणला, सॉकेट बदलून घेतलं, दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं करून ठेवलं, दोन पेन ड्राइव्ह घेतले. फाईलला नावही दिलं, 'माय'. आई पुन्हा लिहायला बसली. पंधरा दिवसांत दीड पान झालं. मध्येच थांबून ती विचारायची, "ते लुगडं शेजारणीचं होतं का मामीचं वं?" मला कुठे ठाऊक!

शेवटी एका दुपारी मला राहवेना. "आई, पिनेमुळे नाही गेलं. फाईल परत आली होती. मीच नको म्हटलं."

ती कीबोर्डवर अक्षर शोधत होती. मान वर न करताच म्हणाली, "माहीत आहे मले. लाइन जाऊन आली म्हणजे ती चौकट दर वेळी विचारते, फाईल ठेवायची का म्हणून. मी दर वेळी 'हो' दाबत होती."

"मग तेव्हाच सांगितलं काहून नाही?"

"तू बोलू नको म्हणाली ना."