दलेंदाबाईंची बाटली

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या इस्पितळात गाठींचे तुकडे काचेवर रंगवणाऱ्या दलेंदाबाई म्हणजे एक नंबरच्या चिकट. रंगवायच्या महागड्या द्रवाचा एक थेंब सांडला तरी त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. "बाईंना मोकळं सोडलं तर रिकामी बाटलीसुद्धा पिळतील," असं हाताखालच्या पोरी म्हणायच्या. "पिळीन की! तुमच्या बापाच्या घरून येते का?" बाई फटकारायच्या.

त्या आठवड्यात त्यांच्याच भाचीची काच समोर आली. भावाची मुलगी मलेक, अजून नीट चालतही नव्हती, आणि मूत्रपिंडात गाठ. भाऊ लस्साद ऑलिव्हच्या तेलघाण्यावर कामाला. त्याला बाईंनी आधीच समजावलं होतं, "हे बघ, पेशीत जनुकांचा धागा घट्ट गुंडाळलेला असतो. कुठे सैल सोडायचा, कुठे आवळायचा, ते एक प्रथिन बघतं. ते असलं की काचेवर तपकिरी रंग चढतो. मग गाठ बहुधा नेहमीची, त्यातली बरीच मुलं बरी होतात. ते नसलं तर पेशींना थांबायचंच कळत नाही."

"चढेल ना गं रंग, ताई?"

"तुझी लेक आहे, हट्टी. चढेल."

रंग चढला नाही. गाठीच्या पेशी फिक्या निळ्याच राहिल्या. त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मात्र छान तपकिरी झाल्या होत्या. रक्तवाहिन्या रंगल्या म्हणजे द्रवात खोट नाही, हे बाईच नव्या पोरींना शिकवत. तरी त्यांनी दुसरी काच घेतली. मग तिसरी. थेंबाथेंबाला जपणाऱ्या बाईंनी त्या दिवशी हात सैल सोडला. पोरी बघत राहिल्या, कोणी हसलं नाही.

निदानाचा अहवाल देणाऱ्या मुनीरा डॉक्टरांनी सगळ्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काय ते त्यांना कळलंच होतं. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "दलेंदाबाई, तुमचं मन मानत नसेल तर ट्युनिसहून नवी बाटली मागवू. आठवडाभर अहवाल थांबवते मी."

बाईंना हो म्हणावंसं फार वाटलं. लस्सादला आणखी एक आठवडा आशेवर जगता आलं असतं. पण तोच आठवडा गाठीलाही मिळाला असता. या गाठीचं औषध वेगळं आणि कडक, ते लगेच सुरू व्हायला हवं होतं.

त्यांनी झाकण घट्ट लावलं.

"बाटली चांगली आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "नवी मागवू नका."