बाबांचा राहिलेला शेवटचा भाग

आमच्या बाबांना एक खुनी जावई म्हणून पसंत होता.

खुनी टीव्हीवरच्या मालिकेतला. ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत दर रविवारी दुपारी आम्ही बापलेक ती बघायचो. खुनी देखणा, बोलायला गोड. कुणाच्या घरी खून करायला गेला तरी चपला दाराबाहेर काढायचा! त्याच्या मागावरची पोलीसबाई ठार चक्रम. शवागारात बसून डबा खायची.

"पोरगी अगदी तुझ्यासारखी आहे," बाबा म्हणायचे. "आणि मुलगा किती सभ्य!"

"अहो बाबा, सातवा खून आहे त्याचा!"

"असेल. शर्टाला एक सुरकुती दाखव."

(मुलीने चाळिशी ओलांडली की बापाच्या अपेक्षा कुठवर खाली येतात, बघा!)

शेवटचा भाग तेवढा राहिला आणि बाबा इस्पितळात गेले. तो एकत्रच बघायचा, असं ठरलं होतं. पण तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझा धीर सुटला आणि मी तो मोबाइलवर उरकला.

"बघितलास का गं?" बाबांनी विचारलं.

"छे! तुम्ही घरी या, मग."

ते घरी आलेच नाहीत.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे बख्खळ, पण एकही शिवेना. दादा म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म! आई म्हणाली, "तुमची आरामखुर्ची कुणाला देणार नाही हो." तरी ढिम्म! ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करून विधी उरकायच्या बेतात आले, तशी आई रडायलाच लागली. "काय राहिलंय हो तुमचं?"

काय राहिलंय ते मला एकटीला ठाऊक होतं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुढे होऊन हात जोडले. "बाबा, चुकले. शेवटचा भाग मी बघितला. ती त्याला पकडते. फाशी होते त्याला."

जवळ आलेला एकुलता एक कावळा चक्क मागे सरकला!

"अगं, काहीतरी बरं सांग त्यांना!" आई करवादली.

"नाही, नाही! सुटतो, बाबा! ती लग्न करते त्याच्याशी!"

कावळ्याने झडपच घातली. आईने डोळे पुसले. मी मात्र ढसाढसा रडले.

तेवढ्यात गुरुजी कानाशी वाकले. "ताई, नक्की काय होतं हो? मी सहाव्या भागावर आहे."

कावळा मान वर करून माझ्याकडेच बघत होता.

"सुटतो, गुरुजी," मी छातीठोकपणे सांगितलं. बापाला दोनदा फसवलेल्या बाईला गुरुजी काय जड!