हळद करपल्याचा वास

बनारसातल्या दूधविनायकाच्या गल्लीत पाटणकरांचे घर वैदिकांचे. आजा मंत्र सांगत गेला, बाप मंत्र सांगत गेला. बिंदुमाधव मात्र रेल्वेच्या तारखात्यात शिरला, आणि तिथल्या मोडक्या यंत्रांपाशी बसून, कुणी न शिकवता, तारांची भाषा शिकला. नोकरी संपली तरी त्याच्या बोटांचा तो नाद संपला नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या नवरात्रात तो भर बैठकीत शब्द देऊन बसला. दसऱ्याला दुर्गाघाटावर वेदसभा असे. तिथे दरवर्षी मंत्र म्हणणारे विष्णुशास्त्री चौऱ्याऐंशीचे झाले होते, त्यांचा आवाज पहिल्या चार पायऱ्यांपुढे जात नव्हता. भाड्याच्या भोंग्यात तर तो पत्र्यासारखा वाजे. मंडळी म्हणाली, यंदा त्यांच्या जागी तरुण प्रल्हादाला बसवू. शास्त्रीबुवा नुसती उपरण्याची गाठ चाचपत राहिले. ते पाहून बिंदुमाधव उठला.

"बुवांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत मी पोचवतो."

बंद पडलेल्या एका सिनेमागृहातला अँप्लिफायर त्याच्या घरी पडून होता. दोघांनी उचलावा असा. त्याने जुने कंडेन्सर काढून नवे बसवले आणि आवाजाच्या ट्रान्सफॉर्मरची जळालेली गुंडाळी पाच दिवस बसून हाताने पुन्हा गुंडाळली. आवाज वाढवणारे काचेचे मोठे व्हॉल्व्ह दोनच उरले होते. ते गेले तर साऱ्या बनारसात तसले मिळणार नव्हते.

खंडेनवमीच्या दुपारी त्याने यंत्र तपासायला घेतले. विजेच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब जोडला. यंत्र धड असले की बल्ब भपकन पेटून मंदावतो. आत वीज भलतीकडे पळत असली की तो भगभगत राहतो. झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे धरून त्याने उजव्या हाताने बटण दाबले.

बल्ब पेटला. मंदावला. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले. बिंदुमाधवाने श्वास सोडला, तोच बल्ब पुन्हा चढू लागला. आत चर्र झाले, धुराची बारीक रेघ वर आली.

त्याने बटण बंद केले. कपाळ घामाने भिजले होते.

"गुंडाळी गेली," तो पुटपुटला. "तारेवरचं वार्निश कच्चं राहिलं असणार."

स्वयंपाकघरातून शरदिनी आली. दारातच थबकली, नाक वर केले.

"अहो, वार्निश कसलं? हळद करपलीय."

"तुला सगळीकडे फोडणीच दिसते!"

"पस्तीस वर्षं फोडण्या देतेय. हळदच आहे ही."

सकाळची पूजा त्याला आठवली. पकडी, पेचकस, मीटर, सारे देवापुढे मांडले होते. अँप्लिफायरही, उताणा, पोट उघडे टाकून. "एकही भाग सुटू देऊ नकोस, रुसेल," असे त्यानेच तिला बजावले होते. तिनेही ओल्या बोटाने प्रत्येक भागाला हळदकुंकू लावले होते, व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या बैठकीलासुद्धा.

कंडेन्सरात उरलेली वीज आधी उतरवून त्याने भिंग धरले. बैठकीच्या दोन दांड्यांमध्ये ओल्या हळदीवरून ठिणगी पळाली होती. तिथे काळी वाट पडली होती, केसाएवढी. गुंडाळी शाबूत होती.

"मीच सांगितलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"मी कुठं काही म्हटलं?" तिने दाढीचे पाते पुढे केले.

त्याने काळी रेघ खरवडली, स्पिरिटने पुसली, तासभर वाळू दिली. मग पुन्हा बटण. बल्ब पेटला, मंदावला, आणि मंदच राहिला. मीटरचा काटा जागेवर होता. आता बल्ब काढून थेट वीज द्यायची होती. इथे चुकले तर व्हॉल्व्ह वाचवणारे काही नव्हते. शरदिनीने पदराचे टोक मुठीत धरले.

बटण दाबले. काही नाही. मग खिडकीत टांगलेल्या भोंग्यातून हलकासा हुंकार आला आणि गल्लीभर बांगड्या किणकिणल्या. शरदिनी माइकपाशी उभी होती, तिचाच हात हलला होता.

खालून गल्लीतून विष्णुशास्त्र्यांची बारीक हाक आली, "बिंदू, उद्या मला ओरडावं लागेल का रे?"

बिंदुमाधव खिडकीत गेला.

"नाही बुवा. घरी म्हणता तसंच म्हणा."