रणगाड्याचं तेल

अल्लाबक्षला बैलांचा राग यायचा. त्याहून जास्त राग बैलांची बाजू घेणाऱ्या माणसांचा. घोडेगावच्या बाजारात जनावरं बघायला दुनिया लोटायची, तेव्हा हा चहाच्या दुकानात बाजाराकडे पाठ करून बसायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "चारा खातोय, शेन टाकतोय, आन् मोटंला चार येरझारा घातल्या की जीभ भाईर. ह्याला जनावर म्हनायचं?"

त्याचं स्वतःचं जनावर लोखंडाचं होतं. घासलेटवर चालणारं पाच घोड्यांचं इंजन. तो नगरला कापसाच्या जिनात पट्टे चढवायचं काम करत होता. जिनाच्या मालकाने विजेची मोटार बसवली, तेव्हा अंगणात गंजत पडलेलं हे इंजन थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्याच्या गळ्यात मारलं. अल्लाबक्षने ते घासूनपुसून हिरवं रंगवलं, बायकोला, शरिफाला, घेऊन नेवाशाकडे गावी आला आणि विहिरी-विहिरींवर पाणी उपसून द्यायला लागला. घासलेट शेतकऱ्याने आणायचं, इंजन, पंप आणि बडबड अल्लाबक्षची. पीक निघालं की त्यातला वाटा त्याला. एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर इंजन न्यायला मात्र बैलगाडीच लागायची. हा विषय कुणी काढला की त्याला नेमकं ऐकू येत नसे.

मग लढाई सुरू झाली. लढाई कुठे, जर्मन कुठे, पण घासलेट गायब झालं नेवाशात. ते रेशनवर मिळायला लागलं, आणि इंजनात घालायचं तेल तर बघायलाही मिळेना. अल्लाबक्ष जुनंच काळंकुट्ट तेल फडक्यातून गाळून पुन्हा घालत होता. अशात एक दिवस छगन आला. हा गावचाच गाडीवान, नगरला भाजी घेऊन जायचा. त्याच्या गाडीत उरलेल्या कोथिंबिरीखाली एक गच्च भरलेला डबा होता.

"रनगाड्याचं तेल हाय," छगन कुजबुजला. "कुठून आणलं ते इचारू नको."

अल्लाबक्षने झाकण उघडून बोट बुडवलं. बोट वर आलं, पण तेल खाली पडेना. काकवीसारखी तार धरून लोंबत राहिलं. अल्लाबक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या तेलावर रणगाडा डोंगर चढतो, त्यावर पाच घोड्यांचं इंजन काय नुसतं पाणी उपसेल? ते तर विहीरच उपटून आणेल! त्याने त्याच दिवशी इंजनातलं जुनं तेल काढून टाकलं आणि हे भरलं. संध्याकाळभर तो गावात रणगाड्यासारखाच चालत होता.

तेव्हा इंजन भागूबाईच्या विहिरीवर होतं. भागूबाई विधवा, पण हिशोबात आणि शिव्यांत कुणाला हार न जाणारी. तिने कांदा लावला होता आणि तालुक्याला रांगेत उभं राहून घासलेट आणलं होतं. दिवस पौषातले. सकाळी अल्लाबक्षने हँडल मारलं, तर चाक हलेना. शेवटी भागूबाईचा गडी कारभारी आणि छगन, दोघं चाकाला लोंबकळले, तेव्हा कुठे इंजन धापा टाकत सुरू झालं. धूर एवढा, की शेजारच्या शेतात मोट हाकणारा भिमाजी खोकत खोकत ओरडला, "आरं, पानी काढतोय का गाव जाळतोय?"

"मर्द हाय, जरा येळानं उठतंय!" अल्लाबक्षने उत्तर दिलं.

पण घासलेटचा डबा, जो कालपरवापर्यंत दिवस मावळेस्तोवर पुरायचा, तो दुपार कलायच्या आत खडखडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भागूबाईने रिकामा डबा त्याच्यापुढे आपटला.

"भाऊ, माझं घासलेट कोन पितंय? इंजन का तू?"

"आक्का, आल्लाची आन. घासलेटच पानचट येतंय. सरकार पानी मिसळतंय."

सरकारवर त्या काळी काहीही ढकलता येत असे, पण भागूबाईने ते जागच्या जागी परतवलं. "सरकारनं पानी मिसळलं आसतं तर तेच कांद्याला दिलं आसतं की!"

भिमाजीने मग गावात सांगायला सुरुवात केली, की इंजनवाला अर्धं घासलेट रात्री बाहेर विकतो. भिमाजीच्या मोटेचं गिऱ्हाईक इंजनाने तोडलेलं, त्यामुळे त्याचा आवाज जरा जास्तच खणखणीत होता.

ही बातमी शरिफाच्या कानावर गेली. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही घासलेट विकत असता तर माझ्या चुलीपुढं चिमणी तरी पेटली असती. जा, नगरला जाऊन गनीभाईला विचारा, नाहीतर मी माहेरी जाते."

गनीभाई म्हणजे जिनातला म्हातारा फिटर. अल्लाबक्षने त्याच्यापुढे डबा ठेवला. गनीभाईने तेल चिमटीत धरून ताणलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"अरे बाबा, हे मोठाल्या दातेरी चक्रांचं तेल. तुझ्या इंजनाला हे म्हणजे चिखलातून पळायला लावणं. अर्धं घासलेट ते तेल ढवळण्यातच जातंय. त्यात ही थंडी!"

जिनातल्या चक्रांना असंच जाड तेल हवं होतं, ते लढाईपासून मिळत नव्हतं, आणि कोपऱ्यात पातळ तेलाचं एक पिंप पडून होतं. गनीभाईने मालकाला विचारून अदलाबदल करून दिली. जाड तेलाचा तळ तेवढा अल्लाबक्षच्या डब्यात राहिला.

पातळ तेल घातलं आणि इंजन एका हँडलात सुरू झालं. धूर कमी, आवाज मोकळा, आणि दिवस मावळला तरी डब्यात घासलेट शिल्लक! अल्लाबक्षला वाटलं, आता गाव आपली पाठ थोपटणार.

गाव म्हणालं, "बघा! बोंब झाली तसं चोरायचं थांबलं."

   हे ऐकून अल्लाबक्ष उठला आणि थेट पाटलांकडे, आप्पासाहेबांकडे गेला.

"सगळ्यांम्होरं परीक्षा घ्या. तेवढंच घासलेट, तेच इंजन. एकदा पातळ तेल, एकदा जाड."

आप्पासाहेबांना परीक्षेपेक्षा करमणुकीची जास्त हौस होती. ते स्वतःची खुर्ची घेऊन विहिरीवर आले. भिमाजी म्हणाला, "थंडीत पातळ घाला, उनात जाड. न्हाईतर हा म्हनंल थंडीमुळं झालं." घासलेट मोजून द्यायचं काम भागूबाईने कुणालाच दिलं नाही.

सकाळी पातळ तेलावर इंजन चाललं आणि कांद्याचे वाफे एकामागून एक भरत गेले. दुपारी अल्लाबक्षने तेल काढलं, डब्याच्या तळातलं जाड तेल बोटांनी निपटून आत ओतलं. तेवढंच घासलेट. पाणी शेजारच्या कोरड्या वाफ्यांत सोडलं. इंजन कण्हत सुरू झालं, आणि सकाळच्या पाण्याने जिथवर मजल मारली होती त्याच्या खूप अलीकडेच फटफट करून बंद पडलं. ओल कुठे संपते ते सगळ्यांना दिसत होतं.

"ते ठीक," आप्पासाहेब म्हणाले. "पन तू म्हने इंजनवाला. मग तुला आधी उमगलं कसं न्हाई? आन् हे असलं तेल तुला दिलं कुनी?"

गर्दीत छगनचा चेहरा उतरला. अल्लाबक्षने त्याच्याकडे एकदा पाहिलं, हाताचं तेल धोतराला पुसलं आणि म्हणाला, "माझं मीच घातलं. लई मोठ्या इंजनाचं तेल म्हनून घातलं. मी चोर न्हाई, आप्पासाहेब. मी गाढव हाय."

"गाढव कशाला?" भिमाजी म्हणाला. "बैल म्हन की!"

विहिरीवर असा हशा पिकला, की आप्पासाहेब खुर्चीसकट मागे कलंडायचे राहिले. अल्लाबक्षचा चेहरा तांबडालाल झाला. मग तोही हसायला लागला. भागूबाईने तेवढ्यात मोजून उरलेलं घासलेट इंजनाजवळ आणून ठेवलं.

"चोर आसतास तर आत्ताच्या आत्ता हाकलला आसता," ती म्हणाली. "गाढवाचं काय, राबवून घ्यायचं. चल, जाड तेल काढ. पलीकडचे वाफे राहिलेत."

कांदा चांगला निघाला. पुढच्या हंगामात अल्लाबक्षला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जो माणूस भर गावात स्वतःला गाढव म्हणवून घेतो तो घासलेट चोरणार नाही, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. त्याला मात्र तेलाचं वेडच लागलं. न्हाव्याकडे गेला की खोबरेल चिमटीत धरून बघायचा, गाडीच्या आखाचं वंगण हुंगायचा. एकदा दर्ग्यात जाऊन दिव्यात बोट घातलं आणि मुजावराला म्हणाला, "ह्ये लई जाड हाय. वात वढत न्हाई. पीरबाबा अंधारात बसलेत तुमच्यापायी."

मुजावराने त्याला मोरपिसाच्या कुंच्याने झोडत बाहेर काढलं. तेल मात्र बदललं.